गच्चीवरचे वाळवण आणि माँट्रियलचे प्राध्यापक

उन्हाळा लागला की परभणीच्या मोहल्ल्यांतल्या गच्च्या भरून जातात. एका बाजेवर शेवया, दुसरीवर कुरडया, जुन्या चादरीवर लाल मिरची, कोपऱ्यात धुऊन पसरलेले गहू. बकरी ईदनंतर काही घरांत दोरीवर गोश्ताच्या पट्ट्याही दिसतात. आमच्या घरी या सगळ्या कामावर दादीचा हुकूम चाले. दुपारी ऊन अगदी तापले की त्या खालूनच हाक मारीत, "सिवय्यांवर कपडा टाका, तडकतील!" आम्ही पोरे कुरकुरत जिना चढत असू. वाळवायलाच ठेवले आहे, ऊनही चांगले आहे, मग झाकायचे कशाला? दादी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचे उत्तर ठरलेले असे, "वरून सुकेल, आत ओल राहील. मग बुरशी धरेल."

पुढे आम्ही बी.एड. होऊन शाळेत शिकवू लागलो. एकदा मुलांना बाष्पीभवन समजावून सांगताना दादीचे हे वाक्य आठवले आणि त्याचा शास्त्रीय आधार शोधावासा वाटला. शोधता शोधता एक नाव पुनःपुन्हा समोर येऊ लागले : अरुण मुजुमदार. नाव वाचताच मराठी घर ओळखू येते. मुंबईत शिकून कॅनडात स्थायिक झालेले हे केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. त्यांनी उभे आयुष्य एकाच प्रश्नाला दिले : ओली वस्तू नीट कशी वाळवावी? जगभरचे संशोधक वाळवण्याच्या शास्त्राचा विषय निघाला की त्यांचे नाव घेतात.

या अंकात त्यांच्याविषयी लिहिण्याचे एक कारण घरगुती आहे, ते वर आलेच. दुसरे कारण आमच्या शाळेत घडले.

बारावी झालेली आमची एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन भेटायला आली. गणित आणि रसायन दोन्हीत हुशार. तिला केमिकल इंजिनिअरिंगला जायचे होते. वडिलांची थोडी शेती आहे. ते म्हणाले, "सर, केमिकल म्हणजे काय, मुलीने ॲसिडच्या कारखान्यात उभे राहायचे? त्यापेक्षा डी.एड. करू द्या, घराजवळ राहील." त्यांच्या बोलण्यात मुलीच्या शिक्षणाला विरोध नव्हता, काळजी होती. त्यांच्यापुढे त्या शाखेचे चित्रच दुसरे होते. त्या दिवशी आम्ही त्यांना जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

माटुंग्याहून माँट्रियल

मुंबईत माटुंग्याला असलेला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला. यू.डी.सी.टी. या नावाने तो ओळखला जाई. आज तीच संस्था आय.सी.टी., म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. देशातले कितीतरी औषध, रंग आणि पॉलिमर उद्योग या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी उभारले. मुजुमदारांनी १९६५ मध्ये येथून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी कॅनडातील माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची वाट धरली.

तो काळ लक्षात घेण्याजोगा आहे. कॅनडाने १९६२ मध्ये परदेशी लोकांना घेताना वंशाची अट काढून टाकली आणि १९६७ मध्ये शिक्षण व कौशल्य पाहून गुण देण्याची पद्धत आणली. भारतातल्या शिकलेल्या तरुणांसाठी एक दार उघडले. वतन सोडून जाणे सोपे नसते, हे आपल्या घरांना सांगायला नको. आखातात गेलेला भाऊ, मुलगा किंवा मामू आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. पण पैसा कमावून परत येण्यासाठी जाणे वेगळे आणि शिकण्यासाठी जाऊन तिथेच मुळे रोवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात माणसाला परक्या समाजात आपली जागा केवळ कामाच्या जोरावर मिळवावी लागते.

मुजुमदारांनी १९७१ मध्ये मॅकगिलमधून पीएच.डी. मिळवली. त्यानंतर काही वर्षे ते अमेरिकेत सिरॅक्यूज येथे कॅरिअर कंपनीच्या संशोधन विभागात होते. एअर कंडिशनर बनवणारी ही कंपनी. पहिला आधुनिक एअर कंडिशनर छापखान्यासाठी तयार झाला होता, कारण दमट हवेत कागद फुगून छपाई बिघडत असे. म्हणजे माणसाला गारवा देणे हा त्याचा पहिला हेतू नव्हता, हवेतला ओलावा आवरणे हा होता. १९७५ मध्ये मुजुमदार मॅकगिलला अध्यापक म्हणून परतले आणि पुढची पंचवीस वर्षे तेथेच राहिले.

कॅनडा हा जंगलांचा आणि कागदाचा देश. कागद बनतो तो लगद्यातून, आणि लगद्यात तंतूंपेक्षा पाणी कितीतरी पटीने जास्त असते. ते काढणे हाच कागद कारखान्याचा मोठा खर्च. ओल्या पृष्ठभागावर गरम हवेचे झोत जोराने आदळले तर पाणी किती लवकर उडते, झोत किती अंतरावरून आणि किती वेगाने सोडावेत, याचा अभ्यास मॅकगिलमध्ये चालला होता आणि मुजुमदार त्यात आघाडीवर होते. टिश्यू पेपर वाळवताना हेच तत्त्व वापरले जाते.

वाळवणे एवढे अवघड का?

येथे थोडे विज्ञान सांगायला हवे. चहासाठी एक लिटर पाणी ठेवले तर ते उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता घेते, त्याच्या साधारण साडेसातपट उष्णता ते संपूर्ण आटवायला लागते. उकळी लवकर येते, पण पातेले कोरडे व्हायला बराच वेळ जातो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. म्हणूनच वाळवणे हे कारखान्यातल्या सर्वांत जास्त इंधन खाणाऱ्या कामांपैकी एक आहे. औद्योगिक देशांत कारखान्यांना लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी १० ते २५ टक्के ऊर्जा केवळ वाळवण्यात जाते, असा अंदाज नेहमी दिला जातो.

दुसरी अडचण दादींनी सांगितलेली. वस्तू वाळते ती दोन टप्प्यांत. आधी पृष्ठभागावरचे पाणी एकसारख्या वेगाने उडते. मग आतले पाणी हळूहळू बाहेर यावे लागते आणि वेग मंदावतो. या दुसऱ्या टप्प्यात जोराची आच दिली तर वरचा थर आक्रसून कडक होतो, आतली वाट बंद होते, वस्तू तडकते किंवा आत ओल कोंडून राहते. मग डब्यात भरल्यावर महिनाभरात बुरशी.

यावर एक उपाय असा की उष्णता सतत न देता थांबून थांबून द्यावी. थोडा वेळ गरम हवा, मग विश्रांती, मग पुन्हा गरम हवा. विश्रांतीत आतले पाणी पृष्ठभागाकडे सरकते. माल चांगला राहतो आणि इंधनही वाचते. २००० नंतर सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात असताना मुजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर बरेच काम केले. त्यांचा याविषयीचा निबंध आमच्या हाती आला तेव्हा आम्हाला हसू आले आणि डोळेही भरून आले. दुपारी कपडा टाका, उतरत्या उन्हात काढा, रात्री घरात घ्या, सकाळी पुन्हा पसरा. दादी हेच तर करीत होत्या. फरक एवढाच, की दादींना 'किती वेळ' हे हाताला कळे. त्यांचे हे कळणे त्यांच्याबरोबर कबरीत गेले. शास्त्रज्ञाने ते मोजले, लिहून ठेवले, आणि ते सर्वांचे झाले.

मुजुमदारांनी ज्या विषयांवर काम केले त्यातला आणखी एक ऐकून मुले चकित होतात : वाफेने वाळवणे! वाफ तर ओली, ती वाळवणार कशी? पण पाण्याची वाफ उत्कलनबिंदूच्या वर आणखी तापवली की ती अतितप्त होते आणि वस्तूतले पाणी ओढून घेऊ शकते. अशा वाफेत ऑक्सिजन नसतो, म्हणून माल जळत नाही, पेट घेत नाही. शिवाय बाहेर पडणारी जादा वाफ वाया न जाता तिची उष्णता पुन्हा वापरता येते. गरम हवेच्या ड्रायरमध्ये जी ऊर्जा धुराड्यातून निघून जाते, ती येथे कामी येते.

विखुरलेल्यांना एकत्र बसवणारा माणूस

पण मुजुमदारांचे सर्वांत मोठे काम प्रयोगशाळेतले नाही, असे आम्हाला वाटते.

१९७०च्या दशकात वाळवण्याविषयीचे ज्ञान जगभर विखुरलेले होते. दूध पावडरवाल्यांचे ज्ञान दुग्धशाळेत, लाकूडवाल्यांचे वखारीत, धान्यवाल्यांचे कोठारात, औषधवाल्यांचे त्यांच्या कारखान्यात. एकाने दहा वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न दुसरा नव्याने सोडवत बसे. विद्यापीठांतही हा विषय दुय्यम मानला जाई. वाळवणे हा काय संशोधनाचा विषय झाला, अशीच वृत्ती.

मुजुमदारांनी १९७८ मध्ये माँट्रियलला मॅकगिलमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय वाळवण परिषद भरवली. निरनिराळ्या देशांतले आणि धंद्यांतले लोक एका सभागृहात आले. तेव्हापासून ही परिषद साधारण दर दोन वर्षांनी भरत आली आहे. क्योटो, व्हर्साय, प्राग, बीजिंग, साओ पाउलो, बुडापेस्ट अशा शहरांत ती झाली. २००८ मध्ये ती आपल्या शेजारी हैदराबादला भरली. परभणीहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी पोहोचतो, तेच हैदराबाद.

या विषयाला वाहिलेल्या 'ड्राइंग टेक्नॉलॉजी' या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी दीर्घकाळ केले. १९८७ मध्ये त्यांनी संपादित केलेला 'हँडबुक ऑफ इंडस्ट्रिअल ड्राइंग' हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या पुढे चार आवृत्त्यांपर्यंत मजल गेली. वाळवण्याच्या यंत्रांचे ४००हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत आणि त्यांपैकी सुमारे १०० सर्रास मिळतात. धान्यासाठी कोणता, दुधासाठी कोणता, गोळ्यांच्या औषधासाठी कोणता, हे ठरवायला इंजिनिअर हा ग्रंथ उघडतात. २०१०च्या सुमारास सिंगापूरहून फळे, भाज्या आणि अन्नपदार्थ वाळवण्यावरची पुस्तके त्यांनी सहकाऱ्यांसह संगणकीय स्वरूपात काढली, आणि ती मोफत वाटली. गरीब देशांतल्या विद्यार्थ्यांना महागडे ग्रंथ परवडत नाहीत, हे त्यांना ठाऊक असणारच. तेही एका काळी मुंबईतले विद्यार्थी होते.

इल्म वाटल्याने कमी होत नाही, असे आपण मुलांना सांगतो. येथे ते एका माणसाच्या नोकरीच्या रोजच्या कामात दिसते : दुसऱ्यांचे लेख तपासणे, पत्रे लिहिणे, परिषदा भरवणे, थायलंड, चीन, मलेशियातल्या तरुण संशोधकांना सोबत घेणे. या कामाला टाळ्या कमी पडतात. पण त्यामुळेच एक दुय्यम समजला जाणारा विषय शास्त्र म्हणून उभा राहिला.

हे सर्व परभणीत कशाला?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सोयाबीन निघते सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात. परतीचा पाऊस नेमका त्याच दिवसांत येतो. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा मागच्या हंगामातला माल असाच भिजला होता. ताडपत्री टाकून ठेवला, दोन दिवस ऊन पडले नाही. मोंढ्यात मॉइश्चर मीटरने २० टक्के ओलावा दाखवला आणि भाव पडला. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांची असते. २०२४च्या हंगामात शेतकऱ्यांची अडचण पाहून केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. २० टक्केवाल्याला त्याचाही उपयोग नाही.

आम्ही त्यांच्यासमोर वहीत हिशेब मांडला. एक क्विंटल सोयाबीन, ओलावा २० टक्के. म्हणजे ८० किलो कोरडा माल आणि २० किलो पाणी. १२ टक्क्यांवर आणायचा तर एकूण वजन सुमारे ९१ किलो व्हायला हवे. म्हणजे फक्त ९ किलो पाणी काढायचे आहे. एवढे पाणी उडवायला निव्वळ उष्णता लागते ती विजेच्या सुमारे ६ युनिटांएवढी. प्रत्यक्षात यंत्रात बरीच उष्णता वाया जाते, त्यामुळे खर्च जास्त येतो. तो खर्च कमीत कमी कसा करावा, दमट हवेत, ऊन नसताना, दाणा न तडकता हे कसे साधावे, हाच केमिकल इंजिनिअरचा प्रश्न. वडील बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नऊ किलो पाण्याने माझा हंगाम खाल्ला?"

"होय," आम्ही म्हणालो, "आणि तुमची मुलगी त्या नऊ किलो पाण्याचे शास्त्र शिकायचे म्हणते आहे."

सोयाबीनच कशाला? शेजारच्या वसमत भागातली हळद शिजवून वाळवावी लागते. पूर्वी तोही आपल्याच जिल्ह्याचा भाग होता, १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला. भाव कोसळला की कांदा आणि टोमॅटो रस्त्यावर फेकले जातात, ते वाळवून ठेवता येतात. आय.सी.टी.त शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याच्या उष्णतेवर चालणारे ड्रायर तयार केले. त्यांची एस फोर एस टेक्नॉलॉजीज ही संस्था ते खेड्यातल्या स्त्रियांना देते आणि त्यांनी वाळवलेला माल विकत घेते. २०२३ मध्ये या कामाला ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांनी सुरू केलेला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. गच्चीवर बायका जे काम बिनमोबदला करीत आल्या, त्याचेच येथे उत्पन्न झाले. आमच्या दादीच्या पिढीला त्या कामाचा ना पैसा मिळाला, ना ते 'ज्ञान' आहे असे कोणी म्हटले.

दार आता जवळ आले आहे

मुजुमदारांच्या काळात मराठवाड्यातल्या मुलाला माटुंगा गाठणे हेच एक स्थलांतर होते, कॅनडा तर पुढची गोष्ट. आज चित्र बदलले आहे. त्याच आय.सी.टी.चा मराठवाडा परिसर २०१८ पासून शेजारच्या जालन्यात आहे. परभणीहून मानवत रोड, सेलू, परतूर करीत आगगाडी जालन्याला पोहोचते. तेथे बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रम आहे आणि त्यात उद्योगांतील प्रत्यक्ष कामाचे टप्पे आहेत. ज्यांना मुलीला घराजवळच ठेवायचे आहे त्यांच्यासाठी परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या भिंतीला लागून आपण रोज जातो, पण आत काय शिकवतात हे आपल्यापैकी किती पालकांनी विचारले आहे?

पालकांना आमचे सांगणे साधे आहे. केमिकल इंजिनिअरिंग हवे असेल तर अकरावी-बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे विषय ठेवा. दहावीनंतर "गणित कठीण आहे, सोडून दे" असे मुलीला सांगू नका, कारण त्या एका वाक्याने पुढची बरीच दारे बंद होतात. प्रवेश परीक्षांचे नियम दरवर्षी पाहून घ्या. शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरा. जातीचा, उत्पन्नाचा दाखला ऐनवेळी काढायला धावू नका. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांना शास्त्रीय शब्दांची भीती वाटते. ती पहिल्या वर्षात जाते, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे. आणि निर्णयापूर्वी ती संस्था एकदा स्वतः जाऊन पाहा.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी हेच केले. एका शनिवारी बापलेक सकाळच्या गाडीने जालन्याला गेले. परत आल्यावर त्यांनी आम्हाला फोन केला. आम्हाला वाटले, फी, वसतिगृह, सुरक्षितता यांबद्दल विचारतील. ते सर्व त्यांनी तिथेच विचारून घेतले होते. फोनवर त्यांचा प्रश्न निराळाच होता : "सर, सोयाबीन वाळवायला थांबून थांबून गरम हवा द्यायची म्हणालात, ती किती वेळ द्यायची आणि किती वेळ थांबायचे?"

आम्ही म्हणालो, याचे नेमके उत्तर आम्हाला देता येणार नाही. पाच वर्षे थांबा, घरातच विचारता येईल.